निळी वायर

पायल आमच्याकडे यायची ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही. "ताई, डबा एकदा बंद करून चालू करता का?" एवढंच तिला विचारायचं असायचं, आणि तेवढ्यासाठी ती केस नीट करून, ओढणी घेऊन यायची. डबा म्हणजे नेटचा राउटर. तो आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर ठोकलेला होता, आणि त्यातून निघालेली एक निळी वायर शेजारी तिच्या घरात जात होती. मी फोनवर असले की तिच्याकडे न बघता एक बोट वर करायचे, म्हणजे थांब. ती थांबायची. कधी दोन मिनिटं, कधी दहा. एकदा मी नवऱ्याशी फोनवर भांडत होते तेव्हा अर्धा तास थांबली, आणि मी फोन ठेवून काय गं म्हटलं तर म्हणाली, काही नाही, आलं नेट. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी माझी बाजू मांडणार आहे आणि तेव्हा हे सोयीस्करपणे विसरायला होईल.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. मजल्यावर चार दारं, त्यातली दोन कायम कुलूपबंद. एक दार आमचं. आत बाबा, आई, धाकटा भाऊ प्रज्वल आणि सासरहून परत आलेली मी, शलाका. दुसरं दार इंदुकाकूंचं. त्या रोज उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात जातात आणि शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापतात. त्यांचे यजमान सोमाकाका चार वर्षांपूर्वी गेले. पायल त्यांची एकुलती एक मुलगी, बी.कॉम. होऊन घरी बसलेली.

घरी बसलेली तर मीही होते. बदलापूरला सासरच्या जिन्यावरून पाण्याची बादली घेऊन मी पडले आणि पाठीत दोन स्क्रू बसले. ऑपरेशननंतर जितेशच्या घरच्यांना वाकता न येणारी सून नको झाली, आणि घरच्यांना जे नको ते जितेशला कधीच हवं नसतं. बरी होईपर्यंत माहेरी राहा म्हणून मला इथे आणून सोडलं. मीच फोन करून भांडले तेवढंच, वर्ष झालं तरी कुणी आपणहून विचारलं नाही. मग सासूबाईंचे गुडघे गेले, घरात करणारं कुणी उरलं नाही, आणि त्या सगळ्यांना एकदम माझी आठवण येऊ लागली. जितेश बाबांना फोन करू लागला, माझ्याशी न बोलता. बाबांनी मला सरळ सांगितलं, दिवाळीच्या आत स्वतःच्या पायावर उभी राहा, नाहीतर बदलापूरला जा, मी काही जन्माला पुरणार नाही. बाबा वाईट नाहीत. केमिकल कंपनीतल्या शिफ्टा करून थकले आहेत, एवढंच.

पण पायावर उभं राहायचं म्हणजे लोकलमध्ये उभं राहायचं, आणि डॉक्टरांनी त्याला सक्त मनाई केलेली. घरी बसून करता येईल असंच काम हवं होतं. ते सप्टेंबरमध्ये आलं. पुण्याच्या एका कंपनीला हॉस्पिटलची बिलं तपासायला माणसं हवी होती. कॉम्प्युटर आपला, नेट आपलं, काम घरून. लग्नाआधी चार वर्षं मी ठाण्याच्या एका ऑफिसात हेच केलं होतं. जाहिरात वाचली आणि मला वाटलं, ही माझं नाव घालूनच छापली आहे. आधी ऑनलाइन परीक्षा होती, रविवारी सकाळी अकरा वाजता.

आता त्या डब्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या इमारतीचा बिल्डर अर्धवट कागदांवर मजले चढवून निघून गेला. लाइटचे मीटर अजून त्याच्याच नावावर आहेत. बाबांच्या आधार कार्डावर अजून कॅम्प पाचमधल्या जुन्या चाळीचा पत्ता, कारण तो बदलायलाही लाइट बिलच लागतं. सगळ्या इमारतीत फक्त सोमाकाकांनी वर्षभर विजेच्या ऑफिसात खेपा घालून मीटर आपल्या नावावर करून घेतला होता. ते गेल्यावर तो इंदुकाकूंच्या नावावर झाला. तीन वर्षांपूर्वी प्रज्वलच्या कॉलेजसाठी नेट घ्यायचं ठरलं तेव्हा नेटवाल्याने नावाचं लाइट बिल मागितलं. ते आमच्याकडे नव्हतं. तो म्हणाला, मजल्यावर कुणाचंही चालेल, डबा तुम्ही सांगाल तिथे ठोकतो. आई काकूंचं बिल आणि आधारची झेरॉक्स घेऊन आली, काकूंनी स्वतःच्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवला, आणि आमच्या घरात नेट आलं. मी तेव्हा बदलापूरला होते. प्रज्वलने हे मला गंमत म्हणून सांगितलं आणि मी हसून सोडून दिलं.

मग आईच्या मनाने घेतलं की त्यांनाही नेट द्यावं. भिंत जाड, वायफाय पलीकडे पोचेना, म्हणून प्रज्वलने निळी वायर आणली, दारावरच्या झरोक्यातून बाहेर काढली, तोरणाच्या खिळ्याला अडकवली आणि त्यांच्या झरोक्यातून आत सोडली. पायलने उल्हासनगरहून जुना लॅपटॉप घेतला होता, त्याला ती लागली. बाबा कुरकुरले तेव्हा आई काकूंसमोरच म्हणाली, "विरजण दिलं म्हणून आपलं दही कमी होतं का?" आई सगळ्या मजल्याला विरजण देते. दिवेलागणीनंतर सोडून केव्हाही मागा.

मला ते विरजण वगैरे पटलं नव्हतं. मी माहेरी आले आणि डब्याचा कारभार हळूहळू माझ्या हातात आला. घरात बाकी काही माझ्या हातात नव्हतं, हे त्याचं खरं कारण. पायलला मी दुपारी नेट वापरू नको म्हणून सांगायचे, माझं काम असतं म्हणून. दुपारी मला काहीही काम नसायचं. रागात असले की डब्याचं बटण बंद करायचे आणि ती दारात कधी येते याची वाट बघायचे. ती यायचीच.

परीक्षेचं आईला सांगितलं तेव्हा तिने पहिली अट घातली, काम होईपर्यंत कुणाकडे वाच्यता करायची नाही. आमच्याकडे हे असंच आहे. मुलगी बघायला येणार असोत, नोकरीचा इंटरव्ह्यू असो, घराचा बयाणा द्यायचा असो, हातात आल्याशिवाय बोलायचं नाही. बोललं की नजर लागते, मोडता येतो. माझं लग्न ठरलं तेही आईने साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत लपवलं होतं. त्याला नजर लागली असती तर बरं झालं असतं, पण ते असो.

परीक्षेच्या सूचना एकतीस होत्या. मी सगळ्या वाचल्या, पेनाने खुणा करून. एकोणिसावी होती: एका इंटरनेट कनेक्शनवरून एकाच उमेदवाराने परीक्षा द्यावी, एकाहून जास्त उमेदवार आढळल्यास सर्वांची परीक्षा थांबवली जाईल. मी प्रज्वलला विचारलं, असं कसं कळतं त्यांना? तो म्हणाला, घरात चार कॉम्प्युटर असोत की चाळीस, डब्यातून बाहेर पडलं की बाहेरच्याला सगळे एकच दिसतात, एकाच घरातून आलेले. मी म्हटलं, बरं आहे, आपल्या घरात मी एकटीच देतेय. तरीही त्याला ताकीद दिली की रविवारी अकरा ते साडेबारा त्याने कॉम्प्युटर लावायचा नाही आणि बाबांनी फोनवर कुस्त्या बघायच्या नाहीत.

निळी वायर काढून ठेवावी असं शनिवारी संध्याकाळी माझ्या मनात आलं. एकोणिसाव्या सूचनेमुळे नाही. पायलने काहीतरी डाउनलोडला लावलं आणि माझं नेट अडकलं तर, एवढंच. मी स्टूल घेतलंही. आईने अडवलं. वायर काढली की पायल विचारायला येणार, का काढली ते सांगावं लागणार, आणि मग सगळ्यांना कळणार. मी स्टूल जागेवर ठेवलं.

रविवारी सकाळी इंदुकाकू जिन्यात आईला भेटल्या. आईने त्यांना आपणहून सांगितलं की शलाकाची पाठ धरली आहे, ती आज दिवसभर पडून राहणार. काकूंनी सांगितलं की पायल मावशीकडे कॅम्प पाचला गेली आहे आणि त्याही देवळात जाऊन येतात. मग त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली आणि गेल्या. आई आत येऊन म्हणाली, बरं झालं, पायलही नाही, आज नेट सगळं तुझं.

अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. समोर एकेक बिल यायचं आणि त्यातली खोट शोधायची. पहिल्याच बिलात एका पेशंटला डिस्चार्जनंतर दोन दिवस जेवण लावलं होतं. मी ते बघताक्षणी पकडलं. एकाला डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन लावलं होतं, आणि एक्सरे एकाच गुडघ्याचा. बाळंतिणीला पुरुषांच्या वॉर्डाचं भाडं. वर्षभर मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि इथे मला पटापट विचारत होते आणि मला सगळं येत होतं. पाठ दुखत होती, पण ती माझी पाठ आहे हेही मी विसरले. चाळीस मिनिटांत साठातली बेचाळीस बिलं झाली. मी पास होते, हे मला तिथेच कळलं होतं.

मग पडदा पांढरा झाला. मधोमध दोन ओळी आल्या. या कनेक्शनवरून दुसरा उमेदवार परीक्षा देत असल्याचे आढळले आहे. परीक्षा थांबवण्यात आली आहे.

मी आधी प्रज्वलच्या नावाने ओरडले. तो बिचारा गॅलरीत पेपर वाचत बसला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि कुणीतरी मोठ्याने रडू लागलं. मावशीकडे गेलेली पायल रडत होती. मी बाहेर गेले, त्यांच्या दाराची बाहेरची कडी काढली आणि दार ढकललं. पायल टेबलापाशी उभी होती. नवीन ड्रेस, केस बांधलेले, समोर देवीचा अंगारा, आणि लॅपटॉपवर माझाच पांढरा पडदा. निळी वायर तिच्या खांद्यावरून खाली लॅपटॉपमध्ये गेली होती. ती माझ्याकडे आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. मला समजायला जरा वेळ लागला. तिला माझ्या आधी समजलं असावं, कारण ती म्हणाली, "ताई, तुम्ही पडून होतात ना?"

दोन्ही घरांनी एकमेकांपासून लपवलं होतं, नजर लागू नये म्हणून. मध्ये एक भिंत, दोघींच्या खुर्च्या दहा फुटांवर, एकच डबा, एकच वेळ. एकीने जरी जिन्यात खरं सांगितलं असतं तर दुसरी मावशीकडे खरोखर गेली असती. आई त्या दिवशी जेवली नाही. तरीही संध्याकाळी म्हणालीच, कुणीतरी नजर लावलीच बघ.

मंगळवारी कंपनीचं पत्र आलं, दोघींना सारखंच. हा प्रकार कॉपी म्हणून धरायचा की चूक म्हणून, हे ठरवण्यासाठी तीन दिवसांत खुलासा पाठवा. कनेक्शन ज्या कुटुंबाचं असेल त्या कुटुंबातल्या उमेदवाराला पुन्हा एक संधी मिळेल. दुसऱ्या उमेदवाराचा अर्ज रद्द होईल. सोबत कनेक्शनचं चालू बिल जोडावं.

मला हायसं वाटलं. कनेक्शन आमचं. डबा आमच्या भिंतीवर, दर महिन्याला बिल भरतात बाबा. मला पायलची दयाही आली. तिला आपण दुसरीकडे कुठेतरी चिकटवून देऊ, माझ्या ओळखी होतील तेव्हा, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. मग बिल डाउनलोड केलं. वर डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं: इंदुबाई सोमा गायकर.

मी ते नाव किती वेळ बघत होते माहीत नाही. प्रज्वल मागे येऊन उभा राहिला. तीन वर्षांपूर्वी त्याने मला सांगितलेली ती गंमत होती.

नेटवाल्याला फोन केला. नाव बदलून मिळेल म्हणाला, तुमच्या नावाचं लाइट बिल आणा. मग एकच मार्ग राहिला. काकूंकडून लिहून आणायचं, की बिल फक्त नावाला त्यांचं आहे, वापर आणि भरणा आमचा. मी आणि आई त्यांच्याकडे गेलो. आईने रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटीत शिरा घेतला. काकू कारखान्यातून आल्या होत्या आणि मोरीत डोळ्यांवर पाणी मारत होत्या. दिवसभर निळ्या कपड्यावरचे निळे धागे शोधून त्यांचे डोळे संध्याकाळी लाल असतात. पायल आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

आईने सांगायला सुरुवात केली आणि तिला रडू फुटलं. मग मीच सांगितलं. माझी पाठ, बदलापूर, दिवाळी, सगळं. काकूंनी पूर्ण ऐकलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या की पायलने बिल पाठवलंय, दुपारीच. तिचंही त्याच्यावरच आहे. त्यांच्या डोळ्यांना डॉक्टरांनी सहा महिने दिलेत, त्यापुढे धागा दिसणार नाही.

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी त्या क्षणी तेच बोलले असते जे बोलले.

"तीन वर्षं नेट कोणी दिलं तुम्हाला?" मी म्हटलं. "फुकट."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. त्या चिडल्या नव्हत्या, हेच मला आजही सहन होत नाही.

"तुम्ही दिलंत. रोज दिलंत. माझी पोर रोज तुमच्या दारात उभी राहून घेत होती," त्या म्हणाल्या. "माझा कागद मी एकदाच दिला, शलाका. त्याच्यासाठी तुला कधी माझ्या दारात थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तुझ्या लक्षात राहिला असता."

आईने माझा दंड धरला. शिऱ्याची वाटी तिथेच राहिली.

घरी आल्यावर मी स्टूल घेतलं आणि निळी वायर डब्यातून उपटली. झरोक्यातून ओढायला लागले तर ती पलीकडे कुठेतरी अडकली, मग मी ती तशीच बाहेर लोंबती सोडून दिली. आई नको नको म्हणत होती. मला वाटलं, आता करा परीक्षा. त्या रात्री मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेटवाल्याचा माणूस आला. मालकिणीने डबा हलवायची विनंती टाकली आहे म्हणाला. मी म्हटलं, कोण मालकीण? त्याने फोनवर नाव दाखवलं. मी त्याला वाद घालून परत पाठवू शकले असते, पण कशाच्या जोरावर? त्याने टीव्हीवरचा डबा उतरवला, दोन भोकं आणि धुळीचा एक चौकोन भिंतीवर सोडला, आणि चार पावलं चालून पलीकडे गेला. काकूंच्या घरात ड्रिल मशीन चालल्याचा आवाज आमच्या भिंतीतून आला.

पायलची परीक्षा परत झाली. तिला नोकरी लागली. मी मुद्दाम विचारलं नाही, पण भिंतीतून कळतंच. सकाळी नऊला तिचा आवाज सुरू होतो, गुड मॉर्निंग सर, हो सर, ते बिल मी बघितलं सर. ती चांगलं काम करत असावी. बाळंतिणीला पुरुषांचा वॉर्ड लावलेला तिच्या लक्षात आलं होतं का, हे मला कधीतरी तिला विचारायचं आहे. आलं नसेल अशी माझी फार इच्छा आहे.

दहा दिवस आम्ही नेटशिवाय काढले. प्रज्वलचे कॉलेजचे प्रोजेक्ट अडले, तो मित्राकडे जाऊन बसू लागला. माझ्या फोनवरच्या नेटवर परीक्षा घेत नाहीत, वायरच लागते. नवीन कनेक्शन घ्यावं तर लाइट बिल. अकराव्या दिवशी सकाळी काकू आल्या. एका हातात आमची शिऱ्याची वाटी, तिच्यात दही, आणि दुसऱ्या हातात निळ्या वायरीचं टोक.

"कुमुदिनीताई, घ्या हे," त्या आईला म्हणाल्या. "पोराचं कॉलेज आहे. दिल्याने आमचं काही कमी होत नाही."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी ती वायर त्यांच्या अंगावर फेकली असती. पण त्या आईचंच वाक्य आईला परत देत होत्या, आणि देताना त्यांना ते आईचं आहे हे आठवतही नव्हतं. आईने वाटी घेतली, वायर घेतली, आणि आत येऊन देवासमोर उभी राहून रडली. वायर तीच, झरोका तोच, तोरणाचा खिळाही तोच. प्रज्वलने त्याच संध्याकाळी तिच्या टोकाला एक जुना डबा लावला आणि आमच्या घरात सगळं पूर्वीसारखं चालू झालं. बाबा फोनवर कुस्त्या बघू लागले.

मी चार दिवस त्या नेटला हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला. जितेशने बाबांना सांगितलं होतं की रविवारी गाडी घेऊन येतो. बाबांनी मला सांगितलं नाही, आईने सांगितलं. म्हणजे बाबांनी हो म्हटलं होतं.

गुरुवारी मला आणखी एक जाहिरात सापडली. तसंच काम, दुसरी कंपनी, परीक्षा शनिवारी दुपारी. अर्जाची मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. पोचपावती हातात असती तर बाबांना निदान सांगता आलं असतं, रविवारी नको, निकाल लागू द्या. मी अर्ज भरायला बसले तेव्हा साडेचार झाले होते. नाव, जन्मतारीख, अनुभव. मग एक रकाना आला: इंटरनेट कनेक्शन कोणाच्या नावावर आहे. मी इंदुबाई सोमा गायकर लिहिलं. उमेदवाराशी नातं विचारलं होतं, यादीत शेजारी नव्हतं, मी 'इतर' निवडलं. खाली लिहून आलं की कनेक्शनधारकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो दहा मिनिटांत भरावा. डबा हलवताना कनेक्शनला काकूंऐवजी पायलचा नंबर जोडला होता.

आई म्हणाली, मी जाऊन विचारते. मी नको म्हटलं. आणि काम होईपर्यंत बोलायचं नाही हे आईने शिकवलेलंही मोडायचं ठरवलं. जाऊन सरळ सांगायचं, शनिवारी माझी परीक्षा आहे, दुपारी दोन ते साडेतीन, त्या वेळात तू नेट वापरू नको. कुणाला नजर लावायची असेल तर लावू दे.

उठताना पाठीत कळ आली. मी आरशात बघून केस नीट केले, ओढणी घेतली आणि गेले. त्यांचं दार उघडं होतं. समोर भिंतीवर डबा, त्याखाली टेबल, टेबलाशी पायल, कानाला हेडफोन. ती कुणाशी तरी बोलत होती. हो सर, डिस्चार्जची तारीख बघितली सर. टेबलावर तिचा फोन उपडा पडला होता आणि त्यावर आत्ताच माझा ओटीपी येऊन थांबलेला असणार.

मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. तिला माझी चाहूल लागली. तिने मान वळवली नाही, पडद्यावरची नजर काढली नाही. मुद्दाम केलं असंही मला म्हणता येणार नाही, ती खरंच कामात होती. तिने नुसतं एक बोट वर केलं.

मी थांबले.